समाधानचा नवा टॅब, माझा जुना आवाज

माझा भाऊ समाधान नऊ वर्षं माझ्या आवाजात बोलत होता. मिशा त्याच्या, आवाज माझा. अमळनेरला स्टँडजवळच्या टपरीवर तो टॅबवरचा चौकोन दाबायचा आणि टॅबमधून मी म्हणायचे, "भाऊ, एक चहा, साखर कमी." नवखं गिऱ्हाईक मागे वळून बाई शोधायचं. टपरीवाला मला रस्त्यात गाठून सांगायचा, "सविताताई, आज तुम्ही तीन चहा प्यायलात." मी घरी शिलाई मशीनवर आणि माझा आवाज गावभर हिंडतोय, असा सगळा कारभार.

समाधानला बोलता येत नाही, एवढं एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. मला त्या वाक्याचा राग येतो. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हात, पाय आणि जीभ त्याचं ऐकत नाहीत. डोकं मात्र आमच्या अख्ख्या घराण्याला पुरून उरेल असं आहे. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं त्याच्या ताब्यात. लेखनिकाला त्या बोटाने एकेक अक्षर दाखवत तो बी.ए. झाला, ग्रंथालयाचा कोर्स केला, आणि पुढे चार वर्षं गावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून तिथल्या अकरा हजार पुस्तकांची यादी त्याने कॉम्प्युटरवर चढवली. जुन्या कार्डांवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकासुद्धा सोडल्या नाहीत. "लेखकाचं नाव चुकीचं लिहिणं म्हणजे त्याला चुकीच्या नावाने हाक मारणं," असं त्याने मला एकदा टाइप करून दाखवलं होतं.

वाचनाचा हा नाद बाबांचा. आमचे बाबा, भटू, तेलाच्या मिलमध्ये पोती उचलायचे. सुट्टीच्या दिवशी समाधानला सायकलच्या दांडीवर बसवायचे, धोतराच्या पट्टीने आपल्या पोटाशी बांधायचे आणि त्याच वाचनालयात घेऊन जायचे. लोक विचारायचे, याला कशाला आणता इथे? बाबा म्हणायचे, "हाऊ पोऱ्या वाची." बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. पोऱ्याने खरंच वाचलं, इतकं की आता तुम्हीही वाचा म्हणून आमच्याच मागे लागतो.

टॅब आला तो धुळ्याच्या नूतन मॅडममुळे. त्या वाचा-उपचार करतात. त्यांनी सांगितलं, जीभ ऐकत नाही तर जिभेच्या मागे किती लागायचं, बोट ऐकतं ना? त्यांनी एका मोठ्या टॅबवर एक अ‍ॅप टाकून दिलं. पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्र, दाबला की वाक्य ऐकू येतं. त्या अ‍ॅपला तेव्हा मराठी आवाज नव्हता, म्हणून कोणीतरी वाक्यं रेकॉर्ड करायची होती. समाधानपेक्षा मी सात वर्षांनी मोठी, त्याच्या वतीने बोलायची मला लहानपणापासून सवय, तेव्हा तो कोणीतरी मीच. पहिला चौकोन 'जयभीम'चा केला आणि पुढे वाढत वाढत चारशेच्या वर गेले.

घाईत केलेलं काम ते. 'मला राग आला' हे वाक्य मी सर्दीत म्हटलं होतं, त्यामुळे समाधानला राग आला की नऊ वर्षं तो नाक चोंदूनच आला. 'जेवण झालं' यामागे कुकरची शिट्टी आहे. आमची आई द्रौपदाबाई माझ्या आवाजाला कायम फसायची. समाधानने 'माय, भूक लागनी' दाबलं की ती ताट त्याला वाढायची आणि उत्तर मला द्यायची. मी शेजारच्या गल्लीत माझ्या सासरी असले तरी.

गेल्या वर्षी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या सुनंदाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. समाधानने त्या जागेसाठी अर्ज केला. मागची खोली सोडून पुढे, लोकांच्या समोर, पगारी माणूस म्हणून. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. माणूस भला, आवाज मऊ. म्हणाले, "त्याच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण देवघेवीला वाचकांशी बोलावं लागतं हो. तीन आठवड्यांनी समिती बसेल. त्याने बोलून दाखवावं."

बोलून दाखवावं! मी घरी येईपर्यंत स्वतःशी पुटपुटत होते. समाधान मात्र हसला आणि त्याने 'चालेल' दाबलं, माझ्याच आवाजात.

चौथ्या दिवशी टॅब फुगला. आतली बॅटरी अशी वर आली की मागचं झाकण तव्यावरच्या पोळीसारखं टम्म झालं. जळगावला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तो हात लावायला तयार होईना. फुटेल म्हणाला. मी नूतन मॅडमना फोन केला. त्यांच्याकडे कोणीतरी देणगी दिलेला एक टॅब पडून होता. तो दुसऱ्या दिवशी एस.टी.ने माझ्या नवऱ्याच्या हाती आला. माझा नवरा डेपोत ड्रायव्हर आहे, हे एक बरं.

हा टॅब वहीएवढा. जुना टेबलावर ठेवावा लागायचा, हा गळ्यात अडकवता येईल असा. एवढंच काय ते कौतुक, बाकी सगळं उलटं. कंपनी दुसरी, आणि आतली प्रणालीही दुसरी. जुनं अ‍ॅप त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. जुने चौकोन साठवलेली फाइल त्याला उघडता येईना. मागे जायचं बटण सापडेना, कारण ते नव्हतंच. पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर सरकवायचं म्हणे. समाधानचं बोट सरकत नाही, ते एका जागी रोवलं जातं. त्याने एका चित्रावर बोट ठेवलं, ते जरा जास्त वेळ राहिलं, आणि पडद्यावरची सगळी चित्रं थरथरायला लागली. आई वाकून बघत होती. "त्यासले थंडी वाजी ऱ्हायनी का?" तिने विचारलं. आम्ही तिघं एवढं हसलो की समाधानला ठसका लागला.

हसून झाल्यावर मी कामाला लागले. सतरा दिवस हातात होते. मी म्हटलं, "तू चौकोन कर, मी तीन दिवसांत सगळं परत रेकॉर्ड करते. या वेळी कुकर बंद ठेवते." समाधानने मोबाइल पुढे ओढला आणि टाइप केलं, "नको अक्का. यात पुरुषाचा मराठी आवाज आहे. या खेपेला मी तो घेतो."

मला काय झालं ते सांगते, लपवायचं कशाला. मला वाईट वाटलं. नऊ वर्षं घसा दिला, सर्दीत दिला, पोरं झोपवून दिला, आणि आता मशीन गोड झालं? मी उठून घरी आले आणि दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. ज्याच्या तोंडचा आवाजच काढून घेतला गेलाय त्याच्याशी अबोला. माझ्या अकलेचं काय सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा द्यायच्या निमित्ताने गेले. आई दारातच उभी, डोक्यावर पदर घेऊन. हळूच म्हणाली, "हाऊ कोन साहेब बोली ऱ्हायना घरमा? त्याले चहा ठेव." आत समाधान एकटाच. टॅबमधला माणूस बातम्या द्याव्यात तसा म्हणत होता, "मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्यावे." मी फसकन हसले आणि अबोला तिथेच संपला.

समाधान हसत नव्हता. त्याची अडचण मला मग कळली. ऑफिसात ही भाषा चालली असती. पण वाचनालयात येणारी निम्मी माणसं आजूबाजूच्या खेड्यांतली, आमच्यासारखं अहिराणी बोलणारी. त्यांच्याशी बातम्या देत बोलणारा माणूस त्याला व्हायचं नव्हतं. आणि घरात आईशी तर मुळीच नाही. टॅबला मात्र अहिराणीचा गंध नव्हता. समाधानने 'पुस्तक कपाटमा शे', म्हणजे कपाटात आहे, असं लिहिलं की कीबोर्ड 'शे' पुसून 'शेत' करायचा. पुस्तक कपाटमा शेत! ते दुरुस्त करणं त्याने सेटिंगमध्ये शोधून बंद केलं. मग आवाज अडखळायला लागला. 'ऱ्हायना' म्हणताना तो 'र' वर दम खायचा आणि पुढे 'हायना' नावाच्या कोणाला तरी हाक मारायचा. 'बठ्ठा', म्हणजे सगळा, हा शब्द तर दाताखाली खडा आल्यासारखा म्हणायचा.

इथे माझ्या भावाने जे केलं ते मी गावात अजून सांगत फिरते. त्याने चुकीचं लिहायला सुरुवात केली. ज्याने अकरा हजार पुस्तकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तो माणूस मुद्दाम, ठरवून, अशुद्ध लिहायला बसला. 'ऱ्हायना' नको, 'रायना' लिहून बघ. 'बठ्ठा' नको, मधे जोडाक्षर बदलून बघ. कुठे स्वल्पविराम घाल, कुठे दोन शब्द चिकटव, कुठे एक मात्रा जास्त दे. प्रत्येक शब्द पाच-सहा तऱ्हांनी लिहायचा, ऐकायचा, मान हलवायचा, पुसायचा. जो बरोबर ऐकू येईल तो चौकोनात ठेवायचा. मी शेजारी बसून कान दिला. "हं, असंच म्हणते आई," म्हटलं की तो पुढे जायचा. बोट रोवण्याचंही त्याने जमवलं. किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा, हे त्या टॅबला सांगता येतं. ते त्याने वाचून शोधलं. चौकोन बारीक होत होते म्हणून एका पानावर सोळाच ठेवले आणि पानं वाढवली. एक पान ऑफिसच्या मराठीचं, एक अहिराणीचं, एक नुसतं वाचनालयाचं. मी तेवढ्यात ब्लाउजच्या अस्तराची जाड पट्टी घेऊन टॅबला गळ्यात अडकवायची पिशवी शिवली. माप दोनदा चुकलं. रोज माणसांची मापं घेते, पण हे काम घाबरत केलं.

एका दुपारी आई गहू निवडत होती. समाधान वॉकर धरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि गळ्यातल्या टॅबवर बोट रोवलं. पुरुषाचा जाडसर आवाज म्हणाला, "माय, माले भूक लागनी."

आईचा हात सुपातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याच्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "आते मन्हा समाधान बोलना." आणि उठून त्याच्या ताटात तिने इतकं वाढलं की अर्धं मला संपवावं लागलं. माझा आवाज त्या घरातून गेला याचं जे काही दुःख उरलं होतं, ते मी त्या ताटाबरोबर गिळून टाकलं.

समितीचा दिवस आला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे अध्यक्ष, सुनंदाबाई आणि धनसिंग आबा. धनसिंग आबा कापसाचे जुने व्यापारी, पुस्तकांचे वेडे आणि तोंडाने तिखट. मी समाधानच्या शेजारी बसले. अध्यक्षांनी अर्ज उघडला आणि मला विचारलं, "याला इंग्रजी नावं वाचता येतात का?"

"येतात ना सर," मी म्हटलं. "बारावीला इंग्रजीत पासष्ट होते."

"आणि एखादा वाचक चिडला तर? हा घाबरणार तर नाही?"

"नाही हो सर, तो फार शांत आहे. लहानपणी तर..."

"अक्का, तू चूप बस."

जाडसर, स्पष्ट, पुरुषाचा आवाज. मी टॅबकडे बघितलं. त्याच्या बोटाखाली एक चौकोन होता, मी कधी न पाहिलेला. माझ्या चारशे चौकोनांत हे वाक्य नव्हतं. कसं असेल? स्वतःला गप्प बसवायचं वाक्य स्वतःच्या आवाजात कोण रेकॉर्ड करून ठेवतं! मी त्याला भूक दिली होती, तहान दिली होती, नमस्कार आणि आभार दिले होते. कोणाला अडवायला एक शब्द दिला नव्हता. आणि या पठ्ठ्याने ते आधीच ओळखून, शब्द जुळवून, तयार ठेवलं होतं. कारण मी तिथे काय करणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

धनसिंग आबांनी टेबलावर थाप मारली आणि पोट धरून हसायला लागले. माझे कान तापले. क्षणभर राग आला, खोटं नाही बोलत. मग छातीत असं काही भरून आलं की मला वाटलं उठून सगळ्यांना सांगावं, बघा, मला हा गप्प बसवतोय, माझा भाऊ! पण गप्प बसायला सांगितलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसले.

"बरं," आबा डोळे पुसत म्हणाले. "मी वाचक शे असं समज. माले वाचाले काही तरी दे. भूतनं नको, रडानं नको."

समाधान लिहायला लागला. एक अक्षर, मग दुसरं. अध्यक्षांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. समाधान काय सांगणार, कोणतं पुस्तक सुचवणार, हे मला कळत होतं असं वाटून माझ्या जिभेच्या टोकावर चार नावं आली. मी ती दाताखाली धरली. दोन मिनिटं तरी गेली असतील. वाचक एवढा थांबेल का, हाच तर सगळा प्रश्न होता आणि उत्तर त्या बोटाखाली हळूहळू तयार होत होतं.

टॅब बोलला. "आबा, तुम्हनाकडे आधीच दोन पुस्तकं शेतस. पहिले त्या आना, मंग तिसरं देस."

सुनंदाबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. आबांनी आ वासला. मला वाटलं चिडले. मग ते पुढे वाकून टॅबकडे बघत म्हणाले, "आयका! हाई मशीन अहिरानी बोलस!" आणि जरा वेळाने, आवाज उतरवून, "दोन नही रे भो, तीन शेतस. एक तुन्हा कॉम्प्युटरना पहिलेनं शे."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी अर्ज मिटला, चष्मा काढला आणि खुर्ची माझ्याकडून समाधानकडे वळवली. "समाधान," ते म्हणाले, "तुम्ही कधीपासून येऊ शकाल?"

मघापासूनचा 'हा' आणि 'याला' संपला होता. समाधानने ऑफिसचं पान उघडलं, लिहिलं आणि दाबलं. "सर, मी चार वर्षांपासून इथेच आहे."

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. आईने ते उलटं धरून दोन गल्ल्यांत दाखवलं.

पहिल्या सोमवारी मी दुपारची शिलाई टाकून वाचनालयात गेले. डबा द्यायचं निमित्तही या वेळी घेतलं नाही. देवघेवीच्या टेबलामागे समाधान, गळ्यात निळी पिशवी, पांढरा शर्ट इस्त्रीचा. पुढे तीन माणसं होती. मी रांगेत चौथी उभी राहिले. एका कॉलेजच्या मुलीने काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, ती कपाटाकडे गेली. एक शेतकरी आजोबा दोन वाक्यं अहिराणीत बोलले, त्यांनाही अहिराणीत उत्तर मिळालं. कोणी वळून बाई शोधली नाही.

माझा नंबर आला. समाधानने मान वर केली. मला वाटलं हसेल, 'अक्का' म्हणेल. त्याने बोट रोवलं.

"सभासद क्रमांक?"

इतकी वर्षं मी त्याला इथे पोचवायला येते, न्यायला येते, पण सभासद झाले नव्हते. माझ्या मनातही आलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. मी तिथेच टेबलाच्या कडेला उभ्याने भरला. नाव, पत्ता, व्यवसाय. 'व्यवसाय'पुढे 'शिलाइ' लिहिलं. त्याने फॉर्म वाचला, माझ्या 'शिलाइ'तल्या ऱ्हस्व 'इ'वर बोट रोवून ती माझ्याकडून दीर्घ करून घेतली आणि मग दुसरा चौकोन दाबला.

"आपल्याला काय वाचायला आवडेल?"

हे मला कोणीच कधी विचारलं नव्हतं. शाळा सुटल्यापासून मी सगळ्यांच्या वतीने बोलत आले, आईच्या, पोरांच्या, याच्या. मला काय हवं ते आत कुठेतरी होतं, पण शब्द वर येईना. मागच्या माणसाने चप्पल घासली आणि म्हणाला, "बाई, बोला की लवकर."

समाधानने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग माझ्याकडे वळून टॅबवर बोट ठेवलं.

"सावकाश सांगा. मी थांबतो."